मशीनवर ठेवलेले पैसे

आमच्या घरात टेबल म्हणून नव्हतेच. होते ते आईचे सिंगरचे पायमशीन. सीमाभागातल्या आमच्या गावात त्याला सगळे 'शिंगर' म्हणत, आणि आईही तसेच म्हणे. काम संपले की यंत्राचे काळेभोर डोके आत मिटायचे, वर फळी पाडायची, आणि मग ती सपाट जागा साऱ्या घराची होई. वडील प्राथमिक शाळेत मास्तर. त्यांचे पेपर त्या फळीवर तपासले जात, आमची अक्षरे तिच्यावर गिरवली जात, आणि पाहुणा आला की चहाची कपबशीही तिच्यावरच येई. १९५२ साली आईने ते मशीन बेळगावहून हप्त्यांनी आणले होते. परकर, पोलकी, झबली शिवून तिने ते हप्ते फेडले. शेवटचा हप्ता चुकता झाला त्या दिवशी तिने मशीनला हळदकुंकू वाहिले, असे तिच्याच तोंडून मी ऐकले आहे.

हे सारे पुन्हा आठवायला निमित्त झाले एका चित्रसंग्रहालयाचे. काही वर्षांपूर्वी मुलीकडे अमेरिकेत गेलो असता तिने मला मॅसॅच्युसेट्समधल्या विल्यम्सटाऊन या लहानशा गावी नेले. पांढऱ्या संगमरवराची देखणी इमारत, मागच्या टेकडीवर संथपणे चरणाऱ्या गाई, आणि आत एकट्या रेन्वारचीच तिसाहून अधिक चित्रे. रॉबर्ट स्टर्लिंग क्लार्क नावाच्या गृहस्थाने आपल्या पत्नीसह हा संग्रह जमविला आणि १९५५ साली तो लोकांना खुला केला. चित्रांतले मला फारसे कळत नाही. परंतु एका माणसाजवळ एवढे धन कोठून आले, हा प्रश्न मास्तराच्या मुलाला पडल्यावाचून राहत नाही. तो मी मुलीला विचारला. ती हसून म्हणाली, "बाबा, आजीच्या मशीनचे पैसे हे."

तिचे म्हणणे अगदी खोटे नव्हते. स्टर्लिंग क्लार्कचा आजोबा एडवर्ड क्लार्क हा वकील, आणि आयझॅक सिंगरचा भागीदार. यंत्र घडविले सिंगरने. परंतु ते गरिबाच्या घरात गेले ते या वकिलाच्या डोक्यातून निघालेल्या हप्त्यांच्या युक्तीमुळे, आणि ती युक्ती १८५६ सालची. आईने भरलेले रुपये थेट नातवाच्या खिशात जाऊन पडले असे मी म्हणणार नाही; मधे कंपनी आली, भाग आले, दोन पिढ्यांची मिळकत आली. तरीही कित्येक देशांतल्या बायकांनी चिल्लर मोजून फेडलेल्या हप्त्यांवर हे घराणे उभे राहिले, हे खरेच. नातवाने त्या धनाचा उपभोगही रसिकतेने घेतला. चित्रे घेतली, घोडे पाळले. १९५४ साली इंग्लंडची डर्बी जिंकणारा 'नेव्हर से डाय' हा घोडा त्याचाच.

संग्रहालयातून परतल्यावर त्या नावाचा मागोवा घेत बसलो, आणि दोन-तीन रात्री त्यातच गेल्या. कारण हे नाव मला रेन्वारच्या शेजारी नव्हे, अमेरिकन प्रतिनिधिगृहाने नेमलेल्या एका समितीच्या कागदपत्रांत भेटले. लोकांनी निवडून दिलेले सरकार पैशाच्या बळावर बाजूला सारण्याचा एक बेत १९३३ आणि १९३४ या वर्षांत त्या देशात शिजत होता, असे शपथेवर सांगणारी एक साक्ष तेथे आहे. साक्षीदाराचे नाव मेजर जनरल स्मेडली बटलर.

त्या काळाची थोडी कल्पना वाचकांना द्यायला हवी. १९३२ च्या नोव्हेंबरात फ्रँकलिन रूझवेल्ट अठ्ठेचाळीसपैकी बेचाळीस राज्ये जिंकून अध्यक्षपदी निवडून आले. देश मंदीने पार पोखरला होता. पदावर येताच, १९३३ च्या वसंतात, त्यांनी लोकांजवळचे सोने सरकारजमा करण्याचा हुकूम काढला आणि डॉलरची सोन्याशी असलेली गाठ सोडविली. एका औंसाला वीस डॉलर सदुसष्ट सेंट हा सोन्याचा भाव पुढे १९३४ च्या जानेवारीत पस्तीस डॉलर झाला. म्हणजे ज्यांचे लाखो डॉलर येणे होते त्यांचे धन बसल्या जागी हलके झाले. १९६३ साली आपल्याकडे चौदा कॅरटचा कायदा आला तेव्हा सराफकट्ट्यावर जी कळा पसरली ती ज्यांना आठवते, त्यांना या भीतीची जात ओळखता येईल. फरक इतकाच, की आपल्याकडे रडला तो सोनार. तेथे दात-ओठ खाल्ले ते कोट्यधीशांनी.

आणि बटलर कोण? पेनसिल्व्हेनियातल्या क्वेकर, म्हणजे युद्ध हे पाप मानणाऱ्या पंथाच्या घरात जन्मलेला हा मुलगा १८९८ साली, सोळाव्या वर्षी, मरीन पलटणीत शिरला आणि तेहेतीस वर्षे लढत राहिला. चीन, निकाराग्वा, मेक्सिको, हैती असे त्याचे मुलूख. शौर्याचे सर्वोच्च पदक 'मेडल ऑफ ऑनर' त्याला दोनदा मिळाले. शिपायांचा तो फार आवडता. १९३२ च्या जुलैत पहिल्या महायुद्धातले हजारो माजी सैनिक, सरकारने कबूल केलेला बोनस लवकर मिळावा म्हणून राजधानीत तळ ठोकून बसले होते. तेव्हा हा निवृत्त सेनापती त्यांच्या तळावर गेला, त्यांच्याशी बोलला आणि त्यांच्यातच रात्र काढली. थोड्याच दिवसांत मॅकआर्थरच्या फौजेने तो तळ जाळून उठविला.

बटलर धुतल्या तांदळासारखा होता, असे मात्र नाही. १९१७ साली हैतीत अमेरिकन अमलाखालच्या शिपाईदलाचा प्रमुख असताना, त्या देशाची निवडून आलेली विधानसभा सशस्त्र शिपायांनिशी जाऊन बंद पाडणारा हाच. बँका आणि कंपन्या यांच्यासाठी आपण परमुलखात दांडगाई करीत होतो, अशी कबुली त्याने उतारवयात आपणहून दिली. मला वाटते, त्याला गाठणाऱ्यांची चूक नेमकी येथे झाली. ज्याने दुसऱ्यांची सभा मोडली तो आपलीही मोडील. प्रश्न काय तो रकमेचा, असा त्यांनी हिशेब केला असावा. आणखी एक गंमत अशी, की ज्यांच्या डोळ्यांसमोर इटलीचा नमुना होता त्यांनी निवडला तोही असा माणूस, ज्याने १९३१ साली भर व्याख्यानात मुसोलिनीच्या मोटारीखाली मूल चिरडल्याची हकीकत सांगून स्वतःवर कोर्टमार्शलची पाळी ओढवून घेतली होती.

१ जुलै १९३३ रोजी बटलरच्या न्यूटाऊन स्क्वेअर येथील घरासमोर मोटार थांबली आणि दोन माजी सैनिक उतरले. त्यांतला बोलका होता जेरल्ड मॅकग्वायर. वॉल स्ट्रीटवरच्या ग्रेसन मर्फी यांच्या पेढीत तो रोखे विकत असे. 'अमेरिकन लीजन' या माजी सैनिकांच्या संघटनेचे अधिवेशन शिकागोला भरायचे होते. तेथे बटलरने जावे, दोन-तीनशे माणसे सभेत पेरलेली असतील, ती त्याच्या नावाचा घोष करतील, आणि मग त्याने भाषण करावे, अशी विनंती होती. भाषणही तयार होते. विषय: देशाने पुन्हा सोन्याचे चलन स्वीकारावे. बटलर लिहिण्यावाचण्यात फार रमणारा नव्हे; परंतु ज्यांच्याजवळ शिकागोचे गाडीभाडे नाही त्या शिपायांना सोन्याचा एवढा कळवळा कोठून आला, हे त्याला कोडे पडले. बोनस कागदी नोटांत मिळू नये, खऱ्या सोन्याच्या तोलाचा मिळावा, असा खुलासा त्याला ऐकविण्यात आला. गाडीभाड्याची शंका काढताच मॅकग्वायरने बँकेचे पुस्तक पुढे केले. त्यात एक भरणा बेचाळीस हजार डॉलरांचा, दुसरा चौसष्ट हजारांचा होता.

साक्षीतला मला सर्वांत जिवंत वाटलेला भाग पुढेच आहे. सप्टेंबरात न्यूआर्कच्या एका हॉटेलात बटलर उतरला असता मॅकग्वायर पुन्हा आला. हे सारे बोलाचीच कढी असे बटलरने चिडवताच त्याने खिशातून पाकीट काढले आणि हजार-हजार डॉलरांच्या अठरा नोटा पलंगावर टाकल्या. बटलर सावध झाला. असल्या नोटांचे आकडे टिपलेले असतात. एक नोट वटवली की मान त्यांच्या मुठीत. नोटा उचलायला लावून त्याने बजावले, मध्यस्थ पुरे, आता मुख्य माणसाला पाठव.

तेव्हा आले ते स्टर्लिंग क्लार्क. चीनमधल्या १९०० च्या मोहिमेत हा तरुण लेफ्टनंट म्हणून होता, आणि 'लखपती लेफ्टनंट' या नावाने बटलरला आठवत होता. बटलरच्या साक्षीप्रमाणे क्लार्कने मोकळेपणाने सांगितले, की माझ्याजवळ तीन कोटी डॉलर आहेत, ते गमवायची माझी तयारी नाही, निम्मे वाचविण्यासाठी निम्मे खर्च करीन. बोलता बोलता त्याने घरावरच्या कर्जाचाही विषय काढला. ते फेडण्याची तजवीज होईल. हे ऐकताच बटलर उसळला. माझ्याच घरात बसून मला लाच देतोस का, असे म्हणून त्याने क्लार्कला बाहेरच्या दालनात धाडले आणि तेथे लावलेली निशाणे व पदके पाहून ये म्हणाला. ती शिपायांनी आणि गरिबांनी दिलेली होती. क्लार्क पाहून आला, आणि त्याच घरातल्या टेलिफोनवरून त्याने शिकागोला मॅकग्वायरला कळविले, की जनरल येणार नाहीत, तारांचा मारा करून काम उरका. अधिवेशनात सोन्याचा ठराव मंजूर झाला.

एवढ्यावर थांबले असते तर तो सभा फिरविण्याचा साधा व्यवहार ठरला असता. परंतु १९३४ साली मॅकग्वायर काही महिने युरोपभर हिंडला. इटलीत, जर्मनीत माजी सैनिकांचा उपयोग कसा करून घेतला हे त्याने पाहिले, आणि त्याच्या मनात भरली ती फ्रान्समधली 'क्रुआ द फ' ही संघटना. ऑगस्टमध्ये फिलाडेल्फियाच्या एका मोठ्या हॉटेलात बसून त्याने बटलरपुढे पाच लाख माजी सैनिकांच्या सेनेचा बेत मांडला. बटलर तिचा म्होरक्या. अध्यक्षांना काढायचे नाही. त्यांची प्रकृती बरी नसते, तेव्हा त्यांचा भार हलका करण्यासाठी एक नवा सर्वाधिकारी मंत्री नेमायचा, आणि अध्यक्षांनी समारंभापुरते उरायचे. तीस लाख डॉलर हाताशी आहेत, तीस कोटींपर्यंत उभे राहू शकतील. बटलरने उत्तर दिले, की फॅसिझमचा वास येणारे पाच लाख तुम्ही जमवा, मी दुसरे पाच लाख जमवून तुम्हांला झोडपून काढतो.

नकार देणे सोपे नसते. परंतु बटलरने त्यापुढचे जे केले ते मला अधिक अवघड वाटते. आपल्या एकट्याच्या शब्दावर कोणी विश्वास ठेवणार नाही हे ओळखून त्याने पॉल कॉम्ली फ्रेंच या बातमीदाराला मधे घातले. फ्रेंचने सप्टेंबरात मॅकग्वायरची गाठ घेतली आणि त्याच्या तोंडून बहुतेक तेच ऐकले. मग २० नोव्हेंबर १९३४ रोजी मॅकॉर्मॅक आणि डिकस्टीन यांच्या समितीपुढे, बंद दाराआड, बटलरने सर्व हकीकत शपथेवर सांगितली.

देश हसला. न्यूयॉर्क टाइम्सने अग्रलेखात ही भली मोठी बनवाबनवी ठरविली. टाइम साप्ताहिकाने कटवाल्यांवाचूनचा कट म्हणून थट्टा केली. न्यूयॉर्कचे महापौर लागार्दिया यांनी याला मद्याच्या पेल्यातले बंड म्हटले. मॅकग्वायरने सारे नाकारले. क्लार्क परदेशी होते. त्यांना समितीपुढे बोलावलेच गेले नाही. मर्फींना नाही, आणि ज्यांनी ते सोन्याचे भाषण लिहिले असे बटलर क्लार्कच्या हवाल्याने सांगत होता, त्या माजी अध्यक्षीय उमेदवार जॉन डेव्हिस यांनाही नाही. ऐकीव पुराव्यावर मोठ्यांची नावे कशी घ्यायची, म्हणून छापील साक्षीतून काही नावे गाळली गेली. १९३५ च्या फेब्रुवारीत अहवाल आला. असे प्रयत्न बोलले गेले, योजले गेले, आणि पैसा पुरविणाऱ्यांना सोयीचे वाटते तर अमलातही आले असते, यात शंका नाही, असे समितीने त्यात लिहिले. बटलरच्या मुख्य विधानांना पुष्टी मिळाल्याचेही नमूद केले. खटला कोणावरही झाला नाही. (या समितीतल्या डिकस्टीन यांचीही एक कथा आहे. ते स्वतः पुढे काही वर्षे सोव्हिएत हेरखात्याचे पगारी होते, असे सोव्हिएत राज्य कोसळल्यानंतर तिकडच्या दप्तरांवरून उघड झाले. सत्याला साक्षीदार कसे मिळतील याचा नेम नाही!)

बेत खरोखर किती पुढे गेला होता, याविषयी इतिहासकारांत आजही मतभेद आहेत. काही म्हणतात, मॅकग्वायर हा बढाईखोर दलाल, धनिकांच्या भीतीचा बाजार मांडून स्वतःची पोळी भाजून घेणारा. असेलही. परंतु पैसे खरे होते. पलंगावर पडलेल्या अठरा नोटा थट्टेने नाहीशा होत नाहीत.

तेथे वाचता वाचता मला आमच्या मशीनची फळी दिसू लागली, त्याचे कारण आता सांगतो.

१९६६ साली मी बारा वर्षांचा होतो. वडील तेव्हा शाळेतून निवृत्त होऊन आमच्या गावच्या म्युनिसिपालिटीवर निवडून आले होते. अध्यक्ष सायकलदुरुस्तीचे दुकान चालविणारे; तेही सभासदांनी रीतसर निवडलेले. त्यांनी गावातल्या वखारींवरची पट्टी वाढविली, आणि चार-पाच सधन मंडळींनी अविश्वासाच्या ठरावाची जुळवाजुळव सुरू केली. दोन मते कमी पडत होती. एके दिवशी दिवेलागणीला एका वखारीतला तरुण कारकून आमच्या घरी आला. वर्तमानपत्रात बांधलेले एक पुडके त्याने मशीनच्या फळीवर ठेवले.

"मास्तर, हे असू द्या. पोराच्या शिक्षणाला होतील. तुम्ही काही करायचं नाही. फक्त त्या दिवशी आजारी पडायचं."

वडिलांनी विचारले, "कुणी दिलेत?"

"ते नका विचारू मास्तर."

"मग परत कुणाला करू?"

तो खाली पाहू लागला. एवढ्यात आई आतून आली. पुडक्याकडे न पाहता ती म्हणाली, "उचला तेवढं. मला मशीन उघडायचंय."

त्याने ते उचलले. वडील त्याला दारापर्यंत पोहोचवायला गेले आणि एवढेच बोलले, "ज्यानं दिलेत त्याला सांग, मास्तरची प्रकृती ठणठणीत आहे."

मते भरली नाहीत, ठराव आलाच नाही, सायकलवाल्यांनी आपली मुदत पुरी केली. वडिलांनी मात्र ही गोष्ट कोणाला सांगितली नाही. सभेत नाही, अध्यक्षांना नाही, पारावरच्या मित्रांनाही नाही. कॉलेजात गेल्यावर माझ्या अंगात नवे रक्त होते. मी एकदा त्यांना टाकून बोललो, की नाही म्हणणे ही अर्धीच गोष्ट, उरलेली अर्धी तुम्ही भिऊन टाळली. ते रागावले नाहीत. म्हणाले, "सांगून काय झालं असतं? ज्यांचे पैसे ते म्हणाले असते, आम्ही या पोराला ओळखत नाही. त्याची नोकरी गेली असती. त्यांचं काय गेलं असतं?" मला तेव्हा ते उत्तर पळवाटीसारखे वाटले, आणि पुढे बरीच वर्षे तसेच वाटत राहिले.

आता मॅकग्वायरचे काय झाले ते पाहा. अहवाल आल्यानंतर पुरते दोन महिनेही लोटले नाहीत, तोच २५ मार्च १९३५ रोजी तो न्युमोनियाने वारला. वय सदतीस. आरोपांच्या मनस्तापाने तो खचला होता, असे त्या वेळी म्हटले गेले. बटलर व्याख्याने देत, युद्धातल्या नफेखोरीवर कोरडे ओढत हिंडला आणि १९४० साली गेला. क्लार्क १९५६ पर्यंत जगले. चित्रे लोकांना देऊन गेले, आणि लोक त्यांचे नाव कृतज्ञतेने घेतात. ती चित्रे मीही पाहिली, मला आवडली. वडिलांचा हिशेब इतका तंतोतंत जुळलेला पाहून मला बरे वाटले नाही. कारण बटलर बोलला नसता तर मला हे कळलेही नसते. अठरा नोटा कोणाच्या तरी पाकिटात परत गेल्या असत्या, आणि रूझवेल्ट यांच्या कारकिर्दीच्या इतिहासात तेवढे पान कोरे राहिले असते. आमच्या गावच्या म्युनिसिपालिटीचे ते पान कोरेच आहे.

वडील १९९१ साली गेले. बाराव्या दिवशी एक वयस्क गृहस्थ आले. अंगात धुवट सदरा, हातात छत्री. आईने त्यांना माझ्याआधी ओळखले. वखार केव्हाच बंद पडली होती, मालकांची मुले बाहेरगावी मोठी झाली होती. हे मात्र शेवटपर्यंत तेथेच नोकरी करून निवृत्त झाले होते. त्यांना बसायला दिले तेव्हा खुर्ची नेमकी मशीनशेजारी आली. आईने चहा आणून फळीवर ठेवला. ते बराच वेळ कपाला न शिवता बसले होते. मग म्हणाले, "मास्तरांनी माझं नाव कुठं काढलं नाही."

मी समोरच होतो. ते पैसे कोणाचे होते हे विचारायला त्याहून चांगली वेळ आली नसती, आणि ज्यांना अडचण झाली असती त्यांतले बहुतेक तोवर गेलेही होते. मी म्हणालो, "चहा घ्या, निवतोय." त्यांनी चहा घेतला, आईला नमस्कार केला, आणि छत्री उचलून ते गेले.